शाळेची मांडणी बदलताना: कुठून सुरुवात करावी, काय नंतर करावं

शाळा ‘छान’ करायची ठरली की बहुतेक ठिकाणी सगळ्यांत आधी रंगाऱ्याला बोलावणं जातं. भिंतींवर फुलपाखरं येतात, जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे येतात, फाटकावर नवी पाटी लागते. महिन्याभराने मुलं त्या पायऱ्या पूर्वीसारखीच धडाधड उतरत असतात आणि पाढ्यांकडे कुणी बघतही नसतं. रंगाला माझा विरोध नाही. पण रंग हे शेवटचं काम आहे, आणि पैसे कमी पडले तर ते राहून गेलं तरी बिघडत नाही.

शाळेचं वातावरण तीन गोष्टींवर ठरतं: जागा, वेळ आणि मुभा. जागेकडे सगळ्यांचं लक्ष जातं, वेळेकडे थोडंफार, मुभेकडे जवळजवळ कुणाचंच नाही. कपाटाला कुलूप आहे का? बाक हलवला तर कुणी ओरडतं का? मधल्या सुट्टीत वर्गात बसून राहायला परवानगी आहे का? पालकाला फाटकाच्या आत कुठवर येता येतं? या प्रश्नांची उत्तरं बदलायला बहुधा काहीच खर्च येत नाही, आणि ती बदलली नाहीत तर बाकीचा खर्च पाण्यात जातो. खालचा क्रम कमीत कमी पैसे वाया जावेत या हिशोबाने लावला आहे.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

काहीही हलवू नका. शाळेचा साधा हाताने काढलेला नकाशा घ्या, त्याच्या प्रती काढा आणि दिवसातल्या ठरावीक वेळी फेरी मारून कोण कुठे आहे त्याचे ठिपके मांडा. शाळा भरण्याआधी, मधल्या सुट्टीत, एखाद्या तासाच्या मध्यावर, सुटल्यानंतर. मुलांसाठी एक रंग, शिक्षकांसाठी दुसरा, पालकांसाठी तिसरा. आठवड्याच्या शेवटी सगळे नकाशे शेजारी ठेवले की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात.

पाण्याच्या नळाचंच बघा. नळ कमी असतील तर मधल्या सुट्टीचा मोठा भाग रांगेत जातो. रांगेत धक्काबुक्की होते, तक्रारी शिक्षकांकडे येतात आणि मग ‘मुलं बेशिस्त आहेत’ असा निष्कर्ष निघतो. ठिपक्यांच्या नकाशावर तिथे एक गच्च गोळा दिसतो. मुलांना शिस्त लावण्याआधी आणखी दोन नळ लावून बघावेत.

त्यानंतर मुलांना त्याच नकाशाची प्रत द्या. आवडत्या जागेवर हिरवी खूण, नको वाटणाऱ्या जागेवर लाल. नावं लिहायला लावू नका. लाल खुणा बहुतेकदा स्वच्छतागृहाच्या मागे, जिन्याच्या वळणावर आणि मोठी मुलं अड्डा जमवतात त्या कोपऱ्यात पडतात. स्वच्छतागृहाची भीती वाटते म्हणून दिवसभर पाणी न पिणारं मूल दुपारच्या तासाला काय शिकणार? लाल खुणांची यादी हीच तुमच्या कामांची पहिली यादी.

दोन माणसांना विसरू नका: शाळेची झाडलोट करणारे सेवक आणि फाटकावरचा माणूस. कुठला दरवाजा नेहमी अडकतो, कुठला वर्ग सुटल्यावर सर्वांत स्वच्छ असतो, कुठले पालक रोज लवकर येऊन उन्हात उभे राहतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि एकदा तरी गुडघ्यांवर बसून वर्गात फिरा. पहिलीतल्या मुलाच्या उंचीवरून फळ्याची खालची कड, खिडकीतलं आकाश आणि शिक्षकांच्या टेबलाची पाठ एवढंच दिसतं की आणखी काही?

अमेरिकेतली विनेट्का इथली क्रो आयलंड शाळा १९४० मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा करण्याआधी वास्तुविशारद लॉरेन्स पर्किन्स वर्गांमध्ये बसून शाळेचा दिवस कसा चालतो ते पाहत राहिले होते. त्या बघण्याचा परिणाम इमारतीत उतरला. प्रत्येक वर्गाला स्वतःचं दार, स्वतःचं अंगण आणि स्वतःचं स्वच्छतागृह मिळालं, आणि सभागृहातल्या खुर्च्या पुढून मागे मोठ्या होत जाणाऱ्या बनवल्या गेल्या, म्हणजे पुढे बसणाऱ्या लहानग्यांचे पाय जमिनीला टेकतील.

दुसरी पायरी: वस्तूंची नव्हे, कृतींची यादी करा

‘वाचनालय हवं’, ‘प्रयोगशाळा हवी’, ‘स्मार्ट फळा हवा’ अशा याद्या घेऊन बैठकीला बसलं की चर्चा थेट खर्चावर येते. त्याऐवजी मुलं काय करताना दिसायला हवीत ते वाक्यात लिहा. ‘दोन मुलं शेजारी बसून एकच पुस्तक वाचतात.’ ‘अर्धवट राहिलेली प्रतिकृती दुसऱ्या दिवशी तशीच जागेवर सापडते.’ ‘चिडलेलं मूल पाच मिनिटं एकटं बसू शकतं, आणि तरी मोठ्यांच्या नजरेत असतं.’ अशी आठ-दहा वाक्यं पुरेत.

अर्थपूर्ण शिक्षणाची कल्पना मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६० च्या दशकात मांडली. नवं ज्ञान मुलाला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींशी जोडलं गेलं तर ते टिकतं, नाहीतर घोकंपट्टी होते. मांडणीच्या दृष्टीने याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. जोडायचं असेल तर कालचं काम आज समोर असावं लागतं. अर्धवट काम ठेवायला फळी किंवा कप्पा नसलेल्या वर्गात रोज शून्यापासून सुरुवात होते. माझ्या मते बहुतेक वर्गांत सर्वांत कमी असलेली वस्तू हीच आहे: अर्धवट काम ठेवायची जागा.

वेळही याच पायरीत बघून घ्या. दर तासाला घंटा होत असेल आणि हाती घेतलेलं काम दीड तासाचं असेल तर सुंदर कार्यशाळाही कुलूपबंदच राहते. आठवड्यातून निदान दोनदा दोन तास जोडून घ्या.

तिसरी पायरी: आवाज, हवा, उजेड

हे काम दिसत नाही म्हणून मागे पडतं. ब्रिटनमधल्या २७ प्राथमिक शाळांतल्या १५३ वर्गांचा अभ्यास सॅलफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक आढळला, त्यातला सुमारे १६ टक्के वर्गखोलीच्या भौतिक गुणांशी जोडता आला. त्यातही जवळपास निम्मा वाटा उजेड, हवा, तापमान अशा अगदी साध्या गोष्टींचा होता.

आवाजापासून सुरुवात करा. रिकाम्या वर्गाच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. आवाज भिंतींवर आपटून रेंगाळत असेल तर शेवटच्या बाकावरच्या मुलाला शिक्षकांचे शब्द एकमेकांत मिसळून ऐकू येतात. वर्गाच्या ध्वनीविषयीच्या अमेरिकन मानकात नेहमीच्या आकाराच्या वर्गासाठी हा रेंगाळण्याचा काळ ०.६ सेकंदांपेक्षा जास्त नसावा असं म्हटलं आहे, आणि रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या आत. कमी ऐकू येणाऱ्या किंवा शाळेची भाषा घरी न बोलणाऱ्या मुलांना या गोंगाटाचा फटका सर्वांत आधी बसतो. उपाय महागच असतात असं नाही. मागच्या भिंतीवर जाड कापडाने मढवलेले फलक लावा, छताला आवाज शोषणारे तक्ते लावा, खुर्च्यांच्या पायांखाली नमदा चिकटवा. जुने टेनिसचे चेंडू कापून खुर्च्यांच्या पायांत बसवण्याची युक्तीही चांगली चालते, फक्त ते चेंडू धूळ खातात, अधूनमधून बदलावे लागतात.

हवेसाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक छोटं यंत्र महिनाभर वर्गावर्गांत फिरवा. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतं. वर्गात ते १००० च्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर खेळती हवा कमी आहे. दुपारी वर्ग पेंगतो त्याचं खापर दर वेळी शिकवण्यावर फोडू नये. आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं काम मुलांवर सोपवा. खिडकी कधी उघडायची हे मग तीच ठरवतात, आणि विज्ञानाचा एक धडा फुकट होऊन जातो.

उजेडाबाबत एकच सांगतो. वेगवेगळ्या वेळी वर्गाच्या चारही कोपऱ्यांत बसून फळा वाचून बघा. कमी उजेडापेक्षा फळ्यावरची चकाकी जास्त त्रास देते. तिच्यामुळे खिडकीला दिवसभर पडदा लागतो आणि मग दिवे लावून बसावं लागतं.

चौथी पायरी: वर्गाची मांडणी

ओळीत बाक म्हणजे जुनाट आणि गोलात बाक म्हणजे आधुनिक, हा गैरसमज सोडा. गोष्ट ऐकताना किंवा एकट्याने गणितं सोडवताना ओळ उत्तम. वादाला समोरासमोर बसणं बरं, आणि मिळून काही बनवायचं असेल तर चौघांचा गट. खरी अडचण एकच मांडणी वर्षभर गोठून राहते ही आहे. म्हणून तीन मांडण्या ठरवा आणि जमिनीवर तीन रंगांच्या चिकटपट्टीने बाकांच्या पायांच्या खुणा करा. मग मुलांना दोन मिनिटांत, आवाज न करता, एका मांडणीतून दुसरीत जायला शिकवा. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल. तो होऊ द्या. दोन मिनिटांत बदल जमत नाही तोवर कुठलाही शिक्षक रोज बाक हलवणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

सगळ्या भिंती पाडण्याच्या मोहात मात्र पडू नका. १९६० आणि ७० च्या दशकांत अनेक देशांत भिंती नसलेल्या मोठ्या दालनांच्या शाळा निघाल्या. शेजारच्या वर्गाचा आवाज, शिक्षकांना न दिलेलं प्रशिक्षण आणि तीच जुनी वेळापत्रकं, यांमुळे त्यांतल्या कित्येक शाळांत पुढे कपाटं आडवी लावून, नाहीतर थेट भिंती बांधून, पुन्हा वर्ग केले गेले.

मध्यम मार्गाचा एक नमुना नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेत आहे. हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९६० च्या दशकात तिची रचना केली. तिथले वर्ग इंग्रजी एल अक्षरासारखे आहेत, त्यामुळे एका भागात चर्चा चालू असताना दुसऱ्या भागात दोघं-तिघं स्वतःच्या कामात राहू शकतात. बालवाडीच्या दालनात जमिनीत एक चौकोनी खळगा आहे आणि तो सुट्या लाकडी ठोकळ्यांनी भरलेला आहे. ठोकळे आत असतात तेव्हा जमीन सपाट. मुलं ते उपसून काढतात, त्यांवर बसतात, त्यांचे मनोरे रचतात, आगगाडी करतात आणि रिकाम्या खळग्यात गोळा होऊन गोष्ट ऐकतात. त्या ठोकळ्यांचं काय करायचं हे कुणीही कुठे लिहून ठेवलेलं नाही.

तुमच्याकडे खळगा नसेल. एक सतरंजी, चार पेट्या आणि ‘हे तुम्ही हलवू शकता’ अशी स्पष्ट परवानगी एवढ्यावर सुरुवात होते.

पाचवी पायरी: भिंती

भिंतीवरच्या प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारा. हा कुणी लावला? आणि हा उतरणार कधी? छापील तक्ते वर्षानुवर्षं टांगलेले असतील तर मुलांच्या लेखी ते भिंतीचाच भाग झालेले असतात. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांना काही धडे भरपूर सजवलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि चाचणीतलं यशही कमी राहिलं. अगदी ओकीबोकी भिंतही नको. सॅलफर्डच्या अभ्यासातही मधलं प्रमाणच बरं ठरलं.

लावायचंच तर पूर्ण झालेल्या सुबक कामापेक्षा कामाचा प्रवास लावा: पहिला चुकीचा अंदाज, खाडाखोड, मध्येच बदललेला बेत, आणि खाली मुलाचंच एक वाक्य. हे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावं. चौथीच्या वर्गात सहा फुटांवर लावलेलं चित्र पाहुण्यांसाठी असतं.

सहावी पायरी: वर्गाबाहेर

व्हरांडा, जिना, कट्टा, अंगण. इथे मुलं एकमेकांकडून शिकतात, म्हणून इथे बसायच्या जागा हव्यात: दोघांसाठी, पाच-सहा जणांसाठी, आणि एकट्यासाठीही. मैदान एकाच खेळाने आणि एकाच वयाच्या मुलांनी व्यापलेलं दिसलं तर बाकीच्यांसाठी कडेला सुटं सामान ठेवा: फळ्या, दोऱ्या, टायर, कापडाचे तुकडे, माती, पाणी. कलावंत सायमन निकलसन यांनी १९७१ मध्ये मांडलेला मुद्दा हाच होता की एखाद्या ठिकाणी हलवता-जोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथे कल्पकतेला वाव जास्त. रोज सकाळी सामान तपासायची जबाबदारी एका मोठ्या माणसाच्या नावावर लावा. खिळे, धारदार कडा, कुजलेलं लाकूड लगेच बाजूला.

सातवी पायरी: मुलांच्या हाती खरा निर्णय

बालहक्कांचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, त्यांनी सहभाग मानलंच नाही. बऱ्याच शाळांचे विद्यार्थी प्रतिनिधी तिसऱ्या पायरीवर बसलेले असतात. त्यांना विचारतात, टाळ्या वाजतात, पुढे काही होत नाही.

यावर उपाय म्हणजे निर्णय लहान पण खरा द्या. एक ठरलेली रक्कम आणि एक ठरलेली जागा, समजा जिन्याखालची अडगळ, मुलांच्या गटाकडे सोपवा. काय बदलता येणार नाही ते आधीच सांगा: आगीच्या वेळची बाहेर पडायची वाट, चाकाच्या खुर्चीला लागणारी रुंदी, विजेची जोडणी. बाकी त्यांचं. आणि नाकारलेल्या प्रत्येक सूचनेचं कारण सूचनाफलकावर लिहा. ‘झोपाळा नाही, कारण वरच्या तुळईला भार पेलणार नाही’ हे वाचून मुलं नाराज होतात, पण पुढच्या वेळी सूचना देतात. उत्तरच मिळालं नाही तर देत नाहीत.

आठवी पायरी: परिसराला आत घेणं

पालक आणि शेजारीपाजारी शाळेला दोनच वेळी आठवतात, वर्गणी हवी असते तेव्हा आणि तक्रार सांगायची असते तेव्हा. लोकसहभाग वाढत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या शाळेने आधी आपलं फाटक बघावं. आत बसायला बाक आहे का? पालकाच्या कानावर पडणारा पहिला शब्द कोणता असतो, ‘या’ की ‘काय काम आहे’? सूचना त्यांना वाचता येतील अशा भाषेत आहेत का? सभा नेहमी कामाच्या वेळेतच भरते का?

१९४५ मध्ये, महायुद्ध संपताच, इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या गावातल्या लोकांनी माघार घेतलेल्या जर्मन सैन्याचा रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझी हे तरुण शिक्षक ती बघायला गेले आणि पुढे त्या शहराच्या बालशाळांची जगभर ओळख झाली. बुर्किना फासोमधल्या गांडो गावची शाळा २००१ मध्ये पूर्ण झाली, तीही वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांच्या आराखड्यावर गावकऱ्यांच्या हातांनी. मातीच्या विटा, छताला भोकं, आणि त्याच्या वर अंतर सोडून उचललेला पत्रा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. बांधकाम गावाने शिकून केलं असल्यामुळे डागडुजीही गावालाच जमते. दोन्हीकडे लोक मदतनीस म्हणून आले नव्हते, शाळा त्यांचीच होती.

रोजच्या शाळेत हे कसं आणायचं? पालकांकडे जे ज्ञान आहे त्यापासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात संशोधक लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांच्या घरी पाठवलं. मुलांची प्रगती सांगायला नाही, तर त्या घराकडून शिकायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, हिशेब यांचं केवढं ज्ञान त्या घरांत होतं हे त्यांनी १९९२ मध्ये लिहिलं, आणि शिक्षकांनी त्यावर वर्गातले पाठ उभे केले. तुम्ही वर्षारंभी प्रत्येक घराला तीन प्रश्न विचारा. तुम्ही रोज काय काम करता? घरात कोणती दुरुस्ती स्वतः करता? तुमच्याकडून लोक काय शिकायला येतात? उत्तरं विषयांच्या समोर मांडा. गवंडीकाम करणारी आई काटकोनाच्या पाठाला आली आणि ३, ४, ५ च्या दोरीने भिंतीचा कोपरा काटकोनात कसा घ्यायचा ते तिने दाखवलं, तर पायथागोरसचं प्रमेय मुलांना सांगावं लागत नाही, दिसतं. तिला भाषण करायला लावू नका. काम करू द्या आणि मुलांना मदतीला द्या.

शाळा सुटल्यानंतरची इमारत हा दुसरा मोठा विषय. इंग्लंडमधल्या केंब्रिजशरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ मध्ये ‘ग्राम महाविद्यालयां’ची योजना मांडली आणि १९३० मध्ये सॉस्टन इथे पहिलं सुरू झालं. दिवसा मुलांची शाळा, संध्याकाळी त्याच छताखाली मोठ्यांचे वर्ग, वाचनालय, सभागृह. कल्पना जुनी आणि भक्कम आहे. ती बुडते एका साध्या प्रश्नावर: किल्ली कुणाकडे? त्याला जोडून आणखी दोन, नंतर झाडणार कोण आणि मोडलं तर भरणार कोण. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी, नावानिशी ठरल्याशिवाय उद्घाटन करू नका. इमारतीचा एक भाग निवडा ज्याला बाहेरून वेगळं दार आहे, बाकीच्या भागाला मध्ये कुलूप लागू शकतं आणि स्वच्छतागृह जवळ आहे. तेवढाच उघडा.

सुरक्षेत मात्र ढिलाई नको. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद, गळ्यात ओळखपत्र, आणि कुठलाही बाहेरचा प्रौढ कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही हा नियम. गावातल्या सर्वांत प्रतिष्ठित माणसालाही तो लागू असावा, नाहीतर तो नियम उरत नाही.

नववी पायरी: कच्चं करून बघा

पक्कं बांधण्याआधी तीन आठवडे तात्पुरतं करा. पुठ्ठ्याचा आडोसा, खडूने आखलेली वाट, उसन्या आणलेल्या खुर्च्या. मग पहिल्या आठवड्यातला नकाशा पुन्हा काढा आणि ठिपके ताडून बघा. नळाजवळचा गोळा विरळ झाला का? लाल खुणा सरकल्या की फक्त दुसरीकडे गेल्या? वाचनाच्या कोपऱ्यात कुणी बसतच नसेल तर उशा वाढवण्याआधी तिथे ऊन येतं का, दार आपटतं का, मागून कुणी डोकावतं का ते तपासा. मुलांनी एखादी वस्तू सारखी एकाच जागी ओढून नेली असेल तर ती तिथेच पक्की करा.

शेवटचं काम कागदाचं. मुख्याध्यापक बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि नवा माणूस येऊन व्हरांड्यातले बाक ‘अस्ताव्यस्त’ म्हणून गच्चीवर टाकून देतो. म्हणून प्रत्येक बदलासाठी एक पान ठेवा: काय अडचण होती, काय केलं, आधीचा आणि नंतरचा नकाशा, देखभाल कुणाकडे, आणि ते पुन्हा कधी तपासायचं. ही फाइल शाळा समितीतल्या एका पालकाकडे आणि एका विद्यार्थी प्रतिनिधीकडेही असू द्या. प्रतिनिधी शाळा सोडताना ती खालच्या वर्गातल्या दोघांना, पानापानावर कारणं सांगत, सोपवतो.